विद्याविहारच्या भिंतीकडची पांढरी गाडी

मे संपत आला की मला येणारे बहुतेक फोन एकाच कामाचे असतात. पाऊस सुरू व्हायच्या आत गाडीला ते स्प्रेवालं कोटिंग मारून द्या. मी घरोघरी, म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन गाड्यांच्या रंगाचं काम करतो. धुणं, घाण उतरवणं, पॉलिश आणि शेवटी सीलंट, म्हणजे तेच स्प्रेवालं कोटिंग. भांडुपहून लोकलच्या लगेजच्या डब्यात दोन बादल्या, पॉलिशचं मशीन आणि कापडांची पिशवी घेऊन निघतो. भाचा सोबत असतो. अकरा वर्षं झाली या कामाला. त्यातला जूनच्या पहिल्या आठवड्यातला एक दिवस मी विसरणार नाही.

फोन विद्याविहार पश्चिमेहून होता. “गाडीला गंज चढलाय हो, सगळीकडे,” काका म्हणाले. “गॅरेजवाला म्हणतो अख्खी गाडी रंगवायला लागेल, सत्तर हजार. तुम्ही एकदा बघून सांगा.”

सकाळी आठला पोचलो. सोसायटीची मागची भिंत म्हणजे रेल्वेची हद्द. भिंतीला लागून सात-आठ गाड्या एका रांगेत आणि भिंतीपलीकडे लगेच डाउन स्लोचा, म्हणजे कुर्ल्याकडून कल्याणकडे जाणाऱ्या धीम्या लोकलचा रूळ. काकांची पांढरी हॅचबॅक रांगेत शेवटची, स्टेशनच्या बाजूची. लांबून बरी दिसत होती. जवळ गेलो तर बॉनेटवर, छतावर, डिकीवर, सगळीकडे केशरी ठिपके. मोहरीच्या दाण्याहून बारीक, हजारोंनी. हळदीचं बोट लागून राहावं तशी त्यांच्याभोवती पिवळट कडा.

काका बाजूला उभे होते. साठी ओलांडलेले, इस्त्रीचा शर्ट, ताठ कणा. “रिटायर झालो तेव्हा घेतली, फंडाच्या पैशातून. सहा वर्षं झाली. दर महिन्याला कोटिंग मारून घेतो, तरी हे असं.”

दर महिन्याला कोटिंग म्हटल्यावर माझे कान टवकारले. एक मुलगा येतो, पाचशे रुपये घेतो, बाटलीतून फवारतो, पुसतो, वीस मिनिटांत जातो. दोन दिवस गाडी आरशासारखी चमकते, मग धूळ चिकटायला लागते. त्या बाटलीत काय होतं ते मी पाहिलेलं नाही, पण बोट फिरवल्यावर तुळतुळीत तेलकटपणा लागत होता.

माझ्या पिशवीत ब्रेडच्या पुड्याची एक पातळ पिशवी कायम असते. ती हातात घालून बॉनेटवरून हलकेच हात फिरवायचा. बोटांना जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. काकांना म्हटलं, तुम्हीच फिरवून बघा. त्यांनी फिरवला आणि दचकून हात मागे घेतला. बारीक सँडपेपरवरून हात फिरवल्यासारखी खरखर. तीही दर महिन्याला कोटिंग होणाऱ्या गाडीवर.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण या बाटल्यांबद्दल लोकांचा खूप गैरसमज आहे. स्प्रे सीलंटमध्ये पॉलिमर असतं, किंवा हल्ली ज्याला सिरॅमिक स्प्रे म्हणतात त्यात सिलिका. द्रव उडून गेला की रंगावरच्या क्लिअर कोटवर, म्हणजे कंपनीने दिलेल्या पारदर्शक थरावर, एक पापुद्रा उरतो, एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज करा. तो पापुद्रा पाणी झटकतो, घाण रुतू देत नाही, ऊन आणि पक्ष्यांची विष्ठा यांच्यापुढे थोडा वेळ उभा राहतो, धुणं सोपं करतो. ओरखडे तो बुजवत नाही आणि रंगात रुतलेला कणही बाहेर काढत नाही. खाली जे असेल त्याच्यावर बसतो. खाली गुळगुळीत असेल तर उजेड सरळ परततो आणि रंग खोल दिसतो, खाली वाळू असेल तर वाळूवर बसतो. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या काळ्या गाडीवर घाईत, भर उन्हात, नीट न धुता फवारलं होतं. तापलेल्या पत्र्यावर तो द्रव पुसायच्या आतच सुकला आणि बॉनेटभर ढगासारखे डाग उठले. ते मशीनने उतरवताना पूर्ण दिवस गेला आणि त्या घराचं काम पुन्हा मिळालं नाही. तेव्हापासून बाटली सगळ्यात शेवटी, तेही हात लावून पत्रा गार आहे का बघून.

हा गंज गाडीच्या पत्र्याचा नाही याची मला खात्री वाटत होती. पत्रा गंजतो तेव्हा रंग फुगतो, कडेने सुटतो. इथे रंग शाबूत होता. रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजायचं मीटर लावलं. बॉनेटवर एकशे पाच ते एकशे पंधरा, म्हणजे कंपनीचाच रंग. फक्त मागच्या डाव्या दारावर दोनशे तीस. “एलबीएस रोडला रिक्षा घासली होती, तेव्हा ते दार रंगवलं,” काका म्हणाले. मीटरने ते ओळखलं म्हटल्यावर त्यांचा माझ्यावर विश्वास बसला असावा, कारण तिथून ते खुर्ची घेऊन बसलेच.

भिंतीजवळ काम करणं बरोबर नव्हतं. एका बिऱ्हाडाची गाडी गावाला गेलेली होती, त्यांची स्टिल्टखालची, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली जागा काकांनी फोन करून मिळवली. सावली मिळाली, नळही जवळ होता.

आधी साधा शाम्पू, दोन बादल्या, एक साबणाची आणि एक फडकं खळखळायची. मग लोखंड विरघळवणारा स्प्रे. हा लोखंडाच्या कणाला भेटला की जांभळा होतो. केस कुरळे करायच्या औषधात जे रसायन असतं त्याच जातीचं यात असतं, म्हणून वासही तसाच, सडक्या अंड्याचा. हातमोजे घालून, गार पत्र्यावर मारायचा, चार-पाच मिनिटं थांबायचं, सुकू द्यायचा नाही.

मारला. थांबलो. इकडे तिकडे चार-दोन जांभळे थेंब उठले, बाकी काहीच नाही. भाचा माझ्याकडे बघायला लागला. काकाही. मीही क्षणभर गोंधळलो. मग बॉनेटवर पाणी सोडलं तर ते तेलावरून घसरावं तसं निघून गेलं. महिन्या-महिन्याच्या त्या थरांनी कणांना झाकून टाकलं होतं आणि माझं औषध लोखंडापर्यंत पोचतच नव्हतं.

जुने थर उतरवायचा कडक शाम्पू काढला. एक हात, दुसरा हात. पाणी आता झटकलं जात नव्हतं, चादरीसारखं पसरत होतं. म्हणजे वरचं सगळं निघालं. पुन्हा लोखंडाचा स्प्रे.

अर्ध्या मिनिटात बॉनेट जांभळं व्हायला लागलं. आधी ठिपके, मग ठिपक्यांचे ओघळ, मग पांढऱ्या गाडीवरून जांभूळ पिळल्यासारखी धार. छतावरून काचांवर, दारांवरून खाली, फरशीवर. इतक्या वर्षांत इतकं मी कधी पाहिलं नव्हतं. वरून दोन मुलं गॅलरीतून ओरडली, काकांच्या गाडीला काय झालं म्हणून.

काका उठून जवळ आले. “हे सगळं लोखंड?”

“हो. रेल्वेचं. ब्रेक लागले की चाकाला दाबणाऱ्या ब्रेक ब्लॉकचा, चाकाचा, रुळाचा चुरा उडतो. गरम कण रंगावर येऊन रुततात. मग आपली खारी हवा आणि दमट, ते गंजतात, गंजले की फुगतात आणि क्लिअर कोटला भेगा पाडतात. तुमची गाडी गंजलेली नाही. तिच्यावर पडलेलं लोखंड गंजलंय.”

काका काहीच बोलले नाहीत. मी धुऊन घेतलं आणि क्ले घेतली. ही मळलेल्या कणकेसारखी वडी असते. पाण्यात साबण कालवून पत्रा ओला ठेवायचा आणि वडी न दाबता सरकवायची. औषधातून उरलेले कण ती उचलते. मळली की घडी घालून स्वच्छ बाजू काढायची, खाली पडली तर टाकून द्यायची, कितीही महाग असो, कारण फरशीवरचा एक खडा अख्खं दार ओरबाडतो. पहिल्या दोन फुटांतच वडी तपकिरी झाली. काकांनी ती माझ्याकडून मागून घेतली. तळहातावर धरून मोबाईलच्या टॉर्चखाली बराच वेळ पाहत राहिले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून लोकल आली. काकांनी मान वर केली नाही, नुसतं ऐकलं. “ब्रेक लागलाय,” ते म्हणाले. “इथे लागलेलाच असतो. गाडी फलाटात शिरते ना.” मग वडीकडे बोट दाखवून म्हणाले, “मी मोटरमन होतो. हे आमचंच आहे.”

मला माहीत नव्हतं. फोनवर ते बोलले नव्हते. मग एकदम बोलायला लागले. सहायक म्हणून मालगाडीवर सुरुवात, मग लोकल. डीसी विजेच्या काळातल्या गाड्या, नंतर २००७ पासून आलेल्या लोकलच्या नव्या रेक, ज्यांत मोटरच आधी ब्रेकचं काम करते आणि वीज वर तारेत परत जाते. तरी गाडी थांबता थांबता ब्लॉक चाकाला टेकतोच. “या भिंतीपाशी मी किती वेळा ब्रेक लावला असेल, हिशेब नाही. आणि रिटायर झाल्यावर घर घेतलं तेही इथेच.” त्यांचा आवाज जड झाला होता. त्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं, हे मला कळलं. वडी त्यांनी परत दिली, पण नखाने तिच्यातला एक कण काढून बोटांत चोळत राहिले.

मग त्यांनीच मला एक गोष्ट दाखवली जी मला सुचली नसती. भिंतीकडच्या गाड्यांपाशी घेऊन गेले. कुर्ल्याच्या बाजूच्या टोकाला उभी असलेली पांढरी गाडी त्यांच्या गाडीहून जुनी, पण तिच्यावर ठिपके तुरळक. जसजसं स्टेशनकडे यावं तसतसे वाढत गेलेले. “तिकडे लोकल वाहत येते, इकडे ब्रेक धरते,” ते म्हणाले. अकरा वर्षं मी लोखंड उतरवतोय, पण ते रांगेत असं वाचता येतं हे त्या दिवशी शिकलो. आता रेल्वेलगतच्या सोसायटीत गेलो की आधी विचारतो, लोकल ब्रेक कुठे धरतात.

जेवण त्यांच्याकडेच झालं. काकूंनी भाच्याला आग्रहाने दोन पोळ्या जास्त वाढल्या.

दुपारी बारीक पॉलिशचा एक हात मारला, क्लेने उठलेला धूसरपणा जाण्यापुरता. क्लिअर कोट साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो आणि तो पुन्हा येत नाही, म्हणून जास्त चमकेच्या मोहात मी पडत नाही. काही ठिपक्यांच्या जागी सुईच्या टोकाएवढे खड्डे राहिले. ते तसेच राहणार, असं काकांना स्पष्ट सांगितलं. मग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं पुसून घेतलं, पॉलिशचं तेल राहू नये म्हणून.

आणि आता बाटली. साडेचार वाजले होते, आभाळ भरून आलेलं, हवेत इतका दमटपणा की कपडे अंगाला चिकटत होते. या हवेत सीलंट लवकर उडत नाही. जास्त मारलं तर पुसता पुसत नाही, नुसतं फासत राहतं. छतावर तेच झालं. भाच्याने थेट पत्र्यावर चार फवारे मारले आणि दुधी रेघा उमटल्या. ओल्या कापडाने त्या लगेच सैल केल्या, कोरड्याने उचलल्या. पुढे मी सांगितलं तसं केलं, फवारा कापडावर, एका दारासाठी दोनच. एका कापडाने उभं-आडवं पसरायचं, लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने उलटसुलट पुसायचं, आणि बॅटरी तिरकी धरून रेघ राहिली का बघायचं. एक भाग पुरा केल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. फवारून पाण्याने धुवायचे सीलंटही मिळतात, पण त्यांना जोराचं पाणी लागतं, आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत ते मागायला मला संकोच वाटतो. शिवाय टँकरचं पाणी बहुतेक वेळा जड, सुकलं की पांढरे डाग सोडतं.

आठ तास तयारीचे, पाऊण तास सीलंटचा. काकांनी पुन्हा ब्रेडची पिशवी हातात घातली. बॉनेटवर हात ठेवला तो सरकत थेट काचेपर्यंत गेला. काकूंना हाक मारून त्यांनाही पिशवी दिली.

निघताना दोनच गोष्टी सांगितल्या. पहिले काही तास गाडी भिजू देऊ नका. आणि सकाळी गाडी पुसणारा मुलगा एकाच बादलीच्या पाण्यात एकाच फडक्याने वीस गाड्या पुसतो, त्याला स्वतःची दोन फडकी घेऊन द्या आणि आधी पाणी ओतायला सांगा. त्याच्या फडक्यातली धूळ त्याची चूक नाही, त्याला कुणी दुसरं फडकं दिलेलंच नसतं. गाडी पुन्हा भिंतीकडेच लागणार होती, त्याला इलाज नाही. सीलंटमुळे नवे कण लवकर रुतणार नाहीत एवढंच.

ऑगस्टच्या मध्यात त्यांचा फोन आला. “पाणी थेंब धरत नाहीये. पसरतंय.” मी आधी नीट शाम्पूने धुवून बघा म्हटलं, कारण कित्येकदा सीलंट असतं, वर मळाचा थर बसलेला असतो. दोन दिवसांनी पुन्हा फोन. दारांवर थेंब परत आले होते, बॉनेटवर आले नव्हते. बॉनेट इंजिनाने तापतं, तिथलं आधी जातं. म्हटलं, रविवारी येतो.

“रविवारी मेगाब्लॉक आहे,” काका म्हणाले. “स्लो गाड्या फास्टवरून नेणार, विद्याविहारला थांबणार नाहीत. तू घाटकोपरला उतर. मी गाडी घेऊन येतो.”