उंदीर पडले की गाव माळावर का जात असे

साथींच्या इतिहासावर मी गावोगाव बोलतो. व्याख्यान संपले की एक प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो आणि तो बहुधा वयस्कर श्रोत्यांकडून येतो: "आमचे आजोबा सांगत, उंदीर पडू लागले की सगळा गाव घरे सोडून माळावर झोपड्या घालून राही. त्या जाण्याने खरोखर जीव वाचत होते, की ती नुसती घाबरगुंडी होती? आणि सरकार घरे धूत होते, सामान जाळत होते, माणसे उचलून नेत होते, तरी प्लेग थांबला का नाही?" तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते हे दोन प्रश्न नसून एकच आहे.

1894 साली हाँगकाँगमध्ये प्लेगची साथ असताना अलेक्झांडर येर्सिन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला. दोन वर्षांनी, सप्टेंबर 1896 मध्ये, मुंबईत मांडवी भागातील रुग्ण तपासून डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी हा प्लेगच असल्याचे निदान केले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याची गोदामे, त्यांच्या आसऱ्याने वाढलेले उंदीर आणि त्याच गल्ल्यांत दाटीवाटीने राहणारी माणसे. म्हणजे मुंबईत प्लेग आला तेव्हा रोगाचा जंतू ठाऊक झालेला होता. तो माणसाच्या शरीरात शिरतो कसा, हे मात्र ठाऊक नव्हते. त्यानंतरच्या दहा वर्षांत जे हाल झाले, त्यांतले बरेचसे या अज्ञानातून झाले असे मी मानतो.

रोग घाणीतून, कोंदट हवेतून आणि माणसाच्या संसर्गातून पसरतो हे गृहीत धरले की पुढचे उपाय आपोआप ठरतात, आणि तसेच ते ठरले. घरांवर कार्बोलिकचे आणि समुद्राच्या पाण्याचे फवारे मारले गेले, उजेड आत यावा म्हणून कौले उतरवली गेली, अंथरूण-पांघरूण जाळले गेले. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा आला आणि घरात शिरून झडती घेण्याचा, रुग्णाला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना छावणीत नेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पुण्यात रँड यांच्या हाताखाली हे काम गोऱ्या सोल्जरांकडे गेले. देवघरात बूट शिरले, बायकांची तपासणी उघड्यावर झाली, आणि 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी झाडलेल्या गोळ्यांपर्यंत ते प्रकरण गेले. हा इतिहास आपल्याकडे शाळेपासून सांगितला जातो आणि तो सांगितलाच पाहिजे. त्यात एक गोष्ट मात्र सहसा राहून जाते: त्या झडत्या अगदी सौजन्याने झाल्या असत्या, तरीही प्लेग फारसा थांबला नसता, कारण शोध माणसांचा चालू होता आणि रोग भिंतीतल्या बिळात होता.

याच्या खुणा तेव्हाही दिसत होत्या. प्लेगच्या इस्पितळांत दिवसरात्र रुग्णांजवळ वावरणाऱ्या परिचारिकांना आणि वॉर्डबॉयना रोग क्वचितच होई, आणि बंद पडलेल्या रिकाम्या घरात राहायला गेलेला धडधाकट माणूस आठवड्याभरात गाठ येऊन मरे. शुश्रूषेत धोका नव्हताच असे मात्र कोणी समजू नये. रुग्णाच्या अंथरुणात पिसवा असू शकत आणि फुप्फुसात उतरलेला प्लेग खोकल्यातूनही लागतो. सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी गेल्या त्या प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच. तरी एकंदर कल स्पष्ट होता: धोका रुग्णापेक्षा जागेत जास्त होता. गढवालच्या डोंगरातले लोक तर मुंबईच्या साथीच्या कितीतरी आधीपासून, उंदीर मरू लागले की गाव सोडत आले होते.

पॉल-लुई सिमाँ हे पाश्चर संस्थेचे फ्रेंच डॉक्टर 1897 मध्ये भारतात आले. काही रुग्णांच्या पायांवर त्यांना बारीक फोड दिसले आणि ते पिसू चावल्याचे असावेत, असे त्यांच्या मनात आले. 2 जून 1898 रोजी कराचीत त्यांनी एका मोठ्या काचेच्या बरणीत प्लेगने आजारी असलेला उंदीर ठेवला, त्यावर पिसवा सोडल्या आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर असा टांगला की दोघांचा स्पर्श होऊ नये. आजारी उंदीर मेला. काही दिवसांनी वरचाही मेला आणि त्याच्या शरीरात प्लेगचे जंतू सापडले. पिसवा नसताना हाच प्रयोग केला, तेव्हा रोग पसरला नाही. इतका सरळ पुरावा हाती असून त्यावर बहुतेकांनी विश्वास ठेवला नाही, आणि 1898-99 च्या प्लेग कमिशननेही तो बाजूला सारला. हे वाचताना मला आजही चीड येते, कारण त्या अविश्वासाची किंमत मोजणारी माणसे कराचीच्या आणि मुंबईच्या वस्त्यांत होती.

शंका फिटली ती परळला. 1905 पासून तेथील प्रयोगशाळेत नव्या संशोधन मंडळाने गिनीपिगांवर अनेक प्रयोग केले. आजारी आणि निरोगी जनावरे एकत्र ठेवली, पण पिसवा काढून टाकल्या, की रोग लागेना. आजारी आईच्या अंगावर पिणारी पिल्लेसुद्धा वाचली. पिसवा सोडल्या की लागे. पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर असला तर आतले जनावर मरे, दोन फुटांवर टांगला तर जगे, कारण उंदराच्या अंगावरची पिसू साधारण चार इंचच उडी मारू शकते. माझ्या दृष्टीने त्या सगळ्या दशकातला सर्वांत मोलाचा आकडा हाच चार इंचांचा आहे.

आता गावातल्या घराकडे वळू. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते आणि पिसवा ते सोडतात. प्रथम त्या दुसरा उंदीर शोधतात. घरातले उंदीर संपत आले की उपाशी पिसवा माणसाला चावतात. प्लेगचे जंतू पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी साठून वाट बुजवतात, हे बॅकट आणि मार्टिन यांनी 1914 मध्ये दाखवले. वाट बुजलेल्या पिसवेचे पोट भरत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्यात ओढलेले रक्त जंतूंसह जखमेत परत ओकते. उंदरांमधली साथ पेटणे, पिसवा उपाशी राहणे आणि माणसाच्या शरीरात रोग उमटणे या सगळ्यात मिळून साधारण दोन आठवडे जातात. म्हणजे पहिला उंदीर आढ्यावरून खाली पडला, तेव्हा उपाशी पिसवा माणसांकडे वळण्याआधी घरच्यांच्या हातात बहुधा काही दिवस असत.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर: होय, माळावर जाण्याने जीव वाचत होते. ती घाबरगुंडी मुळीच नव्हती, तो निरीक्षणातून आलेला निर्णय होता. उघड्या रानातल्या झोपडीत ना उंदरांची बिळे होती, ना धान्याची कणगी.

मात्र जाणे दोन प्रकारचे होते, आणि येथे थोडे सावध राहायला हवे. 1897 च्या आरंभीपर्यंत मुंबईतून लाखो लोक निघाले ते माळावर नव्हे, तर रेल्वेने आणि गलबतांनी आपापल्या गावी, बरोबर बोचकी आणि गाद्या घेऊन. स्टेशनवर डॉक्टर उतारूंची नाडी पाहत, काखा-जांघा चाचपत, आणि ताप नसला की माणूस पुढे जाई. त्याच्या वळकटीत बसलेल्या पिसवेला कोणी अडवले नाही. धान्याच्या पोत्यांतूनही पिसवा गेल्या. नव्या गावात त्या प्रथम तिथल्या उंदरांवर पोचल्या, म्हणून परतलेला गिरणी कामगार स्वतः ठणठणीत असूनही काही आठवड्यांनी गावात उंदीर पडू लागत. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मुंबईत राहिला असता तर छावणी वाट्याला येण्याची भीती होती, आणि पिसवेचे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. पुढे प्लेग पंजाबपर्यंत पसरला. एकट्या 1907 साली देशात 13 लाखांहून अधिक माणसे दगावली.

लसीचा उल्लेख राहून जाऊ नये. वाल्देमार हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत स्वतःलाच लस टोचून घेतली आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी केली. तिने मृत्यू कमी होत, पण संरक्षण पूर्ण नव्हते आणि फार काळ टिकतही नसे.

काही जण पुढे विचारतात, मग उंदीर मारून टाकले असते तर? आधी उंदीर मारले तर त्यांच्या अंगावरच्या सगळ्या पिसवा एकदम मोकळ्या होतात आणि माणसाकडे वळतात. म्हणून आधी पिसवांवर कीटकनाशक आणि मग उंदरांचा बंदोबस्त, हा क्रम आज पाळला जातो. बीड जिल्ह्यातील मामला गावात ऑगस्ट 1994 मध्ये, किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आले असताना, घरांत पिसवांचा त्रास वाढला, उंदीर पडले आणि मग गाठीच्या तापाचे रुग्ण दिसले, तेव्हाही कीटकनाशकाची फवारणी करण्यात आली. 1897 मध्ये असे कीटकनाशक कोणाकडेच नव्हते, पिसवांपासून दूर जाणे एवढेच हाती होते, आणि माळावर जाणाऱ्यांनी नेमके तेच केले.