मधल्या जागा

गेले काही आठवडे रात्री घर शांत झालं की मी आमच्या हॉलमधल्या जुन्या कार्यक्रमांची एक कॅसेट लावते आणि संगणकावर उतरवून घेते. एकूण १९ आहेत, बहुतेक सी-९०. एका बाजूला ४५ मिनिटं, आणि हार्डकोर, म्हणजे वेगवान, आक्रमक पंक वाजवणाऱ्या बँडचा सेट जेमतेम वीस मिनिटांचा, त्यामुळे एका बाजूवर दोन बँड मावायचे. या कामात घाई चालत नाही. ४५ मिनिटांच्या बाजूला ४५ मिनिटंच लागतात.

मी कुठल्याच बँडमध्ये नव्हते. मी रेकॉर्ड करायची. हातात मावेल एवढा रेकॉर्डर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा, माईकवर हातरुमालाची दुहेरी घडी बांधायची आणि बटण दाबून आत शिरायचं. त्या रेकॉर्डरवर आवाजाची पातळी आपल्या हातात नव्हती. आवाज वाढला की यंत्र आपोआप तो दाबायचं, कमी झाला की वर खेचायचं. व्याख्यान टिपायला ही सोय उत्तम. आमच्या हॉलमध्ये तिनं सगळं उलटंपालटं केलं, आणि ते मला इतक्या वर्षांनी आत्ता कळतंय.

ड्रमर स्टिक्स चारदा आपटतो ते कानाशी आपटल्यासारखं लख्ख ऐकू येतं. मग सगळा बँड एकदम सुटतो आणि आवाज मोठा व्हायच्या ऐवजी आत ओढला जातो, पाण्याखाली गेल्यासारखा. वेग निम्म्यावर येऊन ब्रेकडाउन सुरू व्हायचा तेव्हा फरशीतून पोटरीपर्यंत हादरा यायचा. कॅसेटवर नुसती दबलेली धपधप उरलीय. पण गाणं संपलं, की क्षणभर काहीच नाही, आणि मग हळूहळू ती अख्खी खोली वर येते. धापा. कुणीतरी बूट शोधतंय. गिटार सुरात लावताना दोन तारांमधली ती लाट, जवळ येत येत थांबणारी. "कुणाचा चष्मा?" "पाणी दे ना इकडे." जे टिपायला मी गेले होते ते दबलं, आणि कुणी टिपायचा विचारही केला नव्हता ते स्वच्छ राहिलं.

आमच्याकडे स्टेज नव्हतं. गायक आमच्याच पातळीवर उभा राहायचा आणि कोरसला माईक पुढच्या रांगेत जायचा. सात-आठ जण त्यावर तुटून पडायचे. स्पीकरमधून फक्त गायकाचा आवाज; ड्रम आणि अँप तसेच, उघडे. ड्रमसेट एकच, सगळ्या बँडांना मिळून. स्नेअर (खाली तारांची जाळी असलेला छोटा ड्रम), झांजा आणि ड्रमचं पेडल ज्याचं त्यानं आणायचं. एका गिटारवाल्याकडे बॉस कंपनीचं एचएम-२ होतं, १९८३ साली आलेलं आणि १९९१ मध्ये उत्पादन थांबलेलं डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटारचा आवाज फाडून खरखरीत करणारी पायाशी ठेवायची डबी. त्याची चारही बटणं शेवटपर्यंत फिरवली की गिटारची करवत होते. एन्टूम्ड आणि डिसमेंबर या स्टॉकहोमच्या बँडांनी डेथ मेटलमध्ये हाच आवाज आपलासा केला. आमचा गिटारवाला ते पेडल मोज्यात गुंडाळून आणायचा आणि दुसऱ्या कुणी मागितलं तर नाही म्हणायचा नाही.

बाहेरचं संगीतही असंच हातोहात यायचं. मेटालिकाचा १९८२ चा डेमो कॅसेटवरून कॅसेटवर उतरत जगभर पसरला, तशीच आमच्याकडे येणारी प्रत कितव्या हाताची ते ठाऊक नसायचं. प्रत्येक नकलेला खरखर वाढायची, झांजा विरघळायच्या. त्या खरखरीतून रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी धून, शोधून काढायची सवय लागली होती. कदाचित म्हणूनच माझ्या या कॅसेटही मला ऐकवतात.

पिटमध्ये, म्हणजे बँडसमोर एकमेकांना धडका देत नाचणाऱ्यांच्या घोळक्यात, मी पहिल्यांदा पडले तो आवाजही आहे, सहा नंबरच्या कॅसेटवर. दिसत काहीच नाही, पण मला माहितेय तो कुठला क्षण. दोन ओळी गायकाचा आवाज नाही, कारण तो वाकून माझा दंड धरत होता. पडलेल्याला आधी उचलायचं, हे कुणी सांगावं लागत नसे. तितक्या दांडग्या धक्काबुक्कीत मला जेवढं सुरक्षित वाटलं तेवढं नंतर फार कमी ठिकाणी वाटलं.

पुढे हॉल मिळेनासा झाला, लोक नोकऱ्यांना लागले, पांगले.

त्यांतल्याच एकानं परवा विचारलं, "फक्त गाणी कापून पाठवशील का? मधलं काढून टाक." मी त्याला अख्खी बाजू पाठवली. तो रागावला नाही. रात्री दीडला त्याचा निरोप आला: आठव्या मिनिटाला हसतोय तो मीच ना?

काल १४ नंबरची लावली, बाजू ब. चार टकटक, आणि बँड लगेच थांबतो. स्नेअरची खालची जाळी सैल झालीय. कुणीतरी किल्ली शोधतंय, अँप गुणगुणतंय. मग खिडकीजवळून एक आवाज येतो, "चालू आहे का गं अजून?"

"हो, चालू आहे," मी म्हणते.

मग परत चार टकटक.