इन्स्पेक्टरसाहेबांचे पाठांतर

इंग्रजी रहस्यकथांतली माझ्या विशेष आवडीची असामी म्हणजे सुविद्य पोलीस इन्स्पेक्टर. पंचनामा चालू असताना मृताच्या कपाटात कोणती पुस्तके आहेत हे वाकून पाहणारा, संशयिताने बोलण्याच्या ओघात टाकलेली ओळ कोणत्या नाटकाच्या कोणत्या अंकातली आहे हे मनाशी नोंदवून ठेवणारा आणि हाताखालच्या सार्जंटाच्या अहवालातले शुद्धलेखन सुधारल्याखेरीज खुन्याच्या मागावर न निघणारा हा गृहस्थ प्रत्यक्षातल्या एखाद्या पोलीस ठाण्यात भेटण्याचा संभव फारच थोडा. तरीही फोर्टातल्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात हिरव्या पाठीचे पेंग्विन दिसले की माझा हात पुढे जातो तो त्याच्याच ओढीने. (पेंग्विनने १९३५ साली पहिली दहा पुस्तके काढली तेव्हाच रहस्यकथांचा रंग हिरवा ठरला, त्यामुळे ढीग कितीही मोठा असला तरी शोध फार वेळ चालत नाही.)

या पांडित्याचा तपासाला होणारा उपयोग अगदी बेताचा असतो, हे आधीच कबूल केलेले बरे. खुनाचा उलगडा होतो तो चिखलात उमटलेल्या पावलांवरून, आगगाडीच्या वेळापत्रकावरून, मृत्युपत्रातल्या एखाद्या कलमावरून किंवा मोलकरणीने सहज उच्चारलेल्या वाक्यावरून, आणि यांतल्या कशासाठीही ग्रीक यावे लागत नाही. मग लेखकांनी आपल्या इन्स्पेक्टरांना एवढे शिकवले कशासाठी? या प्रश्नाचा मी बराच काळ, अर्थात पुढची कादंबरी हाती घेण्याची सबब म्हणून, विचार करत आलो आहे; आणि मला वाटते की ही विद्या प्रथम कामी आली ती बड्या घरच्या दिवाणखान्यात शिरण्यासाठी.

१८६० साली रोड या इंग्लंडमधल्या खेड्यातल्या एका सुखवस्तू घरात लहान मुलाचा खून झाला, तेव्हा स्कॉटलंड यार्डाने जोनाथन विचर या आपल्या नामांकित डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टरला तिकडे धाडले. विचर हा माळ्याचा मुलगा. त्याने घरातल्या मंडळींची चौकशी करून, रात्री घालायचा एक झगा नाहीसा झाल्याच्या धाग्यावरून, संशय घेतला तो घरच्या सोळा वर्षांच्या मुलीचा, कॉन्स्टन्स केंटचा. एका पोलिसाने कुलीन मुलीच्या कपड्यांची उठाठेव करावी याचाच लोकांना एवढा संताप आला की मुलगी सुटली आणि बदनाम झाला तो विचर. पुढे १८६५ साली तिने स्वतःच गुन्हा कबूल केला, पण तोवर तो नोकरीतून बाहेर पडलेला होता. विल्की कॉलिन्सने १८६८ सालच्या ‘द मूनस्टोन’मध्ये या प्रकरणातला कपड्याचा धागा उचलला आणि विचरवरून सार्जंट कफ घडवला, मात्र घडवताना त्याला गुलाबाचे वेड दिले. बागेत पायवाट हिरवळीची असावी की खडीची यावर घरच्या माळ्याशी कडाक्याचा वाद घालणारा हा पोलीस मला सगळ्या सुविद्य इन्स्पेक्टरांचा मूळ पुरुष वाटतो, कारण कामाशी काडीचा संबंध नसलेली एक आवड अंगी असल्यामुळेच तो वाचकाला पोलीस न वाटता माणूस वाटू लागतो.

त्यानंतरची कित्येक वर्षे इंग्रजी रहस्यकथेने ही अडचण वेगळ्या मार्गाने टाळली. बड्या घराच्या पुढच्या दाराने आत जायला हौशी, खानदानी गुप्तहेर आणला आणि पोलीस इन्स्पेक्टरला मंदबुद्धी करून त्याच्या मागे उभे केले. हे चित्र पालटले ते १९३०च्या दशकात. १९३४ साली लंडनच्या पोलीस दलाचे प्रमुख लॉर्ड ट्रेंचर्ड यांनी हेंडन येथे पोलीस कॉलेज काढले, ते सुशिक्षित तरुणांना शिपायाच्या पायरीवर फारसे न रेंगाळता अधिकारी होता यावे म्हणून. खालून वर चढलेल्यांना ते अर्थातच रुचले नाही आणि महायुद्ध सुरू होताच ते बंद पडले. योगायोग म्हणा, पण त्याच १९३४ साली न्यूझीलंडच्या नायो मार्श यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तीत चीफ इन्स्पेक्टर रॉडरिक अ‍ॅलिन अवतरला. त्याचा भाऊ सरदार घराण्याची पदवी मिरवणारा, शिक्षण ऑक्सफर्डचे, पूर्वीची नोकरी परराष्ट्र खात्यातली, आणि आडनाव एलिझाबेथ राणीच्या काळातल्या एका थोर नटाचे. मार्शबाई स्वतः शेक्सपिअरची नाटके बसवीत, त्यामुळे अ‍ॅलिनच्या तोंडी मॅकबेथ येतो तो अगदी घरचा असल्यासारखा येतो. अ‍ॅलिन मला आवडतो, पण त्याचे पांडित्य इस्त्री करून अंगावर घातलेले आहे. संशयित त्याला पाहून सावध होण्याऐवजी सुखावतात, आणि या शिक्षणाचा लेखिकेला मिळणारा मुख्य लाभ तोच आहे.

खरा अभ्यासू इन्स्पेक्टर त्यानंतर दोन वर्षांनी आला आणि तो खऱ्याखुऱ्या प्राध्यापकाच्या लेखणीतून आला. जे. आय. एम. स्ट्यूअर्ट हे स्कॉटिश गृहस्थ १९३५ साली इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडला निघाले, आणि बोटीवरच्या त्या लांबलचक प्रवासात त्यांनी मायकेल इनिस या नावाने एक रहस्यकथा लिहून टाकली. विद्यापीठातल्या एका कॉलेजच्या प्रमुखाचा रात्री खून होतो, प्रेताभोवती माणसाची हाडे पसरलेली सापडतात, संशय घेता येतो तो बागेच्या दाराच्या किल्ल्या जवळ असलेल्या मोजक्या विद्वानांवर, आणि तपासाला येतो तो जॉन अ‍ॅपलबी, ज्याला यांतला एकही विद्वान बोलण्यात गुंडाळू शकत नाही. हाच अ‍ॅपलबी १९३७ सालच्या ‘हॅम्लेट, रिव्हेंज!’मध्ये एका ड्यूकच्या प्रासादात दाखल होतो. तिथे पाहुण्यांनीच बसवलेला हॅम्लेट चालू असतो, पोलोनियसची भूमिका इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर करत असतात, आणि नाटकात ज्या जागी पोलोनियस मरायचा त्याच जागी त्यांना खरोखरची गोळी लागते. खुनाआधी आलेल्या धमक्याही जुन्या नाटकांतल्या ओळींच्या असल्यामुळे इथे तरी इन्स्पेक्टरला नाटके ठाऊक असणे ही नोकरीची गरज ठरते.

इनिसची गंमत अशी की तो वाचकालाही परीक्षेला बसवतो. पात्रे उद्धरणे देतात, दुसरी पात्रे ती ओळखतात, अ‍ॅपलबी ओळखून गप्प राहतो, आणि आपण मात्र कोणी काय म्हटले आणि ते कुठले हे न कळूनही पुढे वाचत राहतो. आपल्याकडे एखाद्या फौजदाराने जबानी घेता घेता मोरोपंतांची आर्या म्हटली असती आणि आरोपीने उत्तरादाखल वामनपंडितांचा श्लोक ऐकवला असता, तर जो काही प्रसंग उभा राहिला असता त्याची कल्पना करून पाहावी. काळा पहाड आणि झुंजार यांच्या कथांवर पोसलेल्या माझ्यासारख्या वाचकाला आरंभी ही चाल फार संथ वाटते. पुढे तिचीच सवय होते, आणि मग एखाद्या पानावर कोणीच काही उद्धृत केले नाही तर चुकल्यासारखे वाटते.

या परंपरेत जोसेफिन टे या बाईंनी १९५१ साली जे केले ते मला सर्वांत चतुर वाटते. त्यांचा इन्स्पेक्टर अ‍ॅलन ग्रँट पाय मोडून इस्पितळात पडलेला आहे, छताकडे पाहून कंटाळलेला आहे, आणि चेहऱ्यांवरून माणसे ओळखण्याचा नाद असल्यामुळे कोणीतरी आणून दिलेले, पुतण्यांच्या खुनाचा ठपका असलेल्या इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाचे चित्र पाहून हा माणूस खुनी असेल काय असा प्रश्न त्याला पडतो. मग खाटेवरूनच तपास सुरू होतो. एक अमेरिकन तरुण ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन कागद धुंडाळतो आणि ग्रँट पडल्या पडल्या ते तपासतो. रिचर्डला खुनी ठरवणारा सर्वांत वजनदार ग्रंथ टॉमस मोरचा, पण मोरचा जन्म १४७८चा आणि रिचर्ड लढाईत मेला १४८५ साली, म्हणजे त्या वेळी हा साक्षीदार सहा-सात वर्षांचा पोर होता. मग त्याने सांगितले ते ऐकीव, आणि ऐकीव पुरावा कुठलाही पोलीस विचारात घेत नाही. इतर कादंबऱ्यांत विद्या पोलिसाच्या मदतीला येते, इथे पोलिसी अक्कल विद्येची उलटतपासणी घेते. ग्रँटचा निकाल इतिहासकारांनी सरसकट मान्य केलेला नाही आणि मलाही वकील थोडा एकतर्फी वाटतो, पण ब्रिटिश रहस्यकथाकारांच्या संघटनेने १९९० साली सर्वोत्तम रहस्यकथांची यादी केली तेव्हा पहिले स्थान याच पुस्तकाला दिले, यात अन्याय झाला असे म्हणवत नाही.

आणि मग इन्स्पेक्टर मॉर्स. कॉलिन डेक्स्टर हे ग्रीक-लॅटिनचे शिक्षक, पण बहिरेपणामुळे त्यांना १९६६ साली अध्यापन सोडावे लागले आणि ते ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या परीक्षा मंडळात नोकरीला लागले. वेल्समधल्या एका सुट्टीत पाऊस थांबेना तेव्हा त्यांनी लिहायला घेतलेली पहिली मॉर्सकथा १९७५ साली प्रसिद्ध झाली आणि शेवटची, तेरावी, १९९९ साली. यांतल्या १९७७ सालच्या कादंबरीत खून होतो तो परीक्षा मंडळातल्या एका बहिऱ्या कर्मचाऱ्याचा, आणि ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखण्याच्या त्याच्या कौशल्याभोवती सारे रहस्य फिरते. स्वतःचे कार्यालय आणि स्वतःचे व्यंग या दोहोंचा असा हिशेबी उपयोग करणारा लेखक विरळा. डेक्स्टर शब्दकोड्यांचे पट्टीचे खेळाडू होते. मॉर्स आणि त्याचा सार्जंट लुईस यांची नावेही त्यांनी शब्दकोड्यांच्या स्पर्धांतल्या प्रतिस्पर्ध्यांवरून घेतली.

मॉर्सला वाग्नरचे संगीत लागते, हाउसमनची कविता लागते, शब्दकोडे लागते आणि विचार करण्यासाठी बिअर लागते, जिचे पैसे बहुतेक वेळा लुईस देतो. त्याला रक्त पाहवत नाही, म्हणजे प्रेताजवळ उभे राहण्याचे कामही तो धड करू शकत नाही. लुईसच्या अहवालातली शुद्धलेखनाची चूक मात्र त्याला दुरून दिसते. मॉर्सने मला कायमचे जिंकले ते त्याची विद्या त्याला सर्रास चुकीच्या वाटेने नेते म्हणून. तो एक देखणा तर्क रचतो, त्यात प्रत्येक तुकडा शब्दकोड्यातल्या अक्षरासारखा चपखल बसवतो, आणि मग लुईस एक साधी, वैताग आणणारी माहिती घेऊन येतो, जिच्यापुढे तो अख्खा तर्क कोसळतो. १९७६ सालच्या, एका बेपत्ता शाळकरी मुलीच्या कथेत तर हे इतक्या वेळा घडते की लेखक स्वतःच्याच बुद्धिमान नायकाची यथेच्छ टिंगल करतो आहे अशी शंका येते. अ‍ॅपलबी चुकला तर वाचकाला विश्वासघात झाल्यासारखे वाटेल, पण मॉर्स तिसऱ्यांदा चुकला तरी तो आपला वाटतो.

त्याच्या विद्येला एक जुनी जखमही आहे. तो शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात आला होता, प्रेमात पडला, अभ्यास बुडाला आणि अंतिम परीक्षेत नापास झाला. आता गंमत अशी की ए. ई. हाउसमन हा मॉर्सचा लाडका कवीही याच कॉलेजात याच परीक्षेत १८८१ साली नापास झालेला होता. तो पुढे पेटंट कचेरीत कारकुनी करत करत लॅटिनचा जगन्मान्य प्राध्यापक झाला. हाउसमनला गेलेले सारे परत मिळाले आणि मॉर्सला मिळाली पोलिसातली नोकरी, म्हणून ज्या शहराने पदवी नाकारली त्याच शहरातल्या प्राध्यापकांच्या खोल्यांत तो चौकशीसाठी शिरतो. अ‍ॅलिनची विद्या त्याला दारातून आत नेत होती. मॉर्सची विद्या त्याला दर वेळी आठवण करून देते की तो दाराबाहेर राहिलेला आहे. शेवटच्या कादंबरीचे नाव हाउसमनच्या कवितेतून आलेले आहे, आणि ते दुसऱ्या कुणाच्या ओळीतून येणे शक्यच नव्हते.

पी. डी. जेम्स यांचा अ‍ॅडम डॅल्ग्लीश या मानाने फारच सुस्थितीत आहे. तो कवी आहे, त्याचे संग्रह निघतात, सहकारी त्याला वचकून असतात, आणि त्याच्या कविता आपल्याला जवळजवळ वाचायलाच मिळत नाहीत, हा बाईंचा मोठा शहाणपणा. त्यांनी १९६८ पासून गृहखात्यात नोकरी केली, त्यामुळे त्यांची चौकशीची पद्धत बिनचूक असते. मला हा कवी थोडा गार वाटतो, आणि त्याबद्दल यापेक्षा अधिक लिहावेसे वाटत नाही.

मुंबईच्या वाचकाला मात्र एका इन्स्पेक्टरची आठवण झाल्यावाचून राहणार नाही, तो म्हणजे एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाचा इन्स्पेक्टर गणेश घोटे. तो १९६४ साली मुंबईत कामावर रुजू झाला तेव्हा लेखकाने मुंबई पाहिलेलीही नव्हती, आणि पुढे दहाएक वर्षे पाहिली नाही. घोटे विद्वान नाही, वरिष्ठांना घाबरतो, घरी आणि कचेरीत सारखाच भांबावलेला असतो. पण त्याचाही एक ग्रंथ आहे: हान्स ग्रोस या ऑस्ट्रियन न्यायाधिकाऱ्याचे गुन्हेतपासावरचे जाडजूड पुस्तक, ज्याचा इंग्रजी अनुवाद १९०६ साली निघाला तो लंडनला नव्हे, मद्रासला. घोटे त्यावर पोथीसारखी श्रद्धा ठेवतो आणि पोथी ऐन वेळी उपयोगी पडत नाही. इतरांनी वाचलेल्या शेकडो पुस्तकांचे जे होते तेच त्याच्या एका पुस्तकाचे होते, फक्त त्याला ते शेक्सपिअरमध्ये सांगता येत नाही.

ज्यांनी यांतले काहीच वाचलेले नाही त्यांनी आरंभ टे यांच्या इस्पितळातल्या तपासापासून करावा, कारण ते पुस्तक लहान आहे आणि त्यात ताजे प्रेत नाही. त्यानंतर मॉर्स घ्यावा, आणि त्याला हवा तेवढा चुकू द्यावा. इनिस मात्र सुट्टीसाठी राखून ठेवावा, शेक्सपिअरची प्रत हाताशी ठेवून. ती उघडली नाही तरी चालेल, कारण अ‍ॅपलबी आपल्या वाटचेही ओळखून ठेवतो.