एनएचएसची खरी गाठ हॉस्पिटलच्या बाहेर आहे

एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, म्हटलं की भारतात दोनच गोष्टी ऐकू येतात: उपचार फुकट आणि रांगा लांब. दोन्ही खरं आहे. १९४८ पासून इथे ऑपरेशनचं बिल पेशंटच्या हातात पडत नाही. पण तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत, हे इंग्लंडचं उद्दिष्ट २०१६ पासून गाठलेलं नाही. सुधारणेची चर्चा डॉक्टर, नर्स आणि पैसा याभोवतीच फिरते. आमच्या मते सुरुवात हॉस्पिटलबाहेर व्हायला हवी.

समजा, एकट्या राहणाऱ्या आजींचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर म्हणाले घरी जा. पण आधी ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं घरी जमतील का हे पाहणाऱ्या तज्ज्ञाने, पलंगाची उंची, जिना, संडासातली धरायची दांडी बघायची. मग काउन्सिलचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा, सोशल वर्कर गरज आणि बचत तपासणार. मग एखादी एजन्सी दिवसातून चार वेळा येणारी माणसं शोधणार. उचलायला दोघं लागत असतील तर दोघं. यातलं एक अडलं की आजी वॉर्डातच. इंग्लंडमध्ये रोज अशा सुमारे १२,००० खाटा अडलेल्या असतात. पडून राहिल्याने पायांतली ताकद जाते आणि मदत आधीपेक्षा जास्त लागते. तिकडे इमर्जन्सीतले रुग्ण कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर, अँब्युलन्स दारात उभी, आणि दुसऱ्याच कुणाचं ठरलेलं गुडघ्याचं ऑपरेशन खाट नाही म्हणून रद्द.

मूळ १९४८ च्याच वाटणीत आहे. आजार एनएचएसकडे, म्हातारपणाची देखभाल काउन्सिलकडे. हॉस्पिटल मोफत, पण २३,२५० पौंडांपेक्षा जास्त बचत असली तर देखभालीचा सगळा खर्च स्वतःचा. हा आकडा २०१० पासून हललेला नाही. खर्चाला ८६,००० पौंडांची मर्यादा घालायचं ठरलं, पुढे ढकललं, आणि २०२४ मध्ये रद्दच झालं. लवकर घरी पाठवायचा खर्च काउन्सिलचा आणि वाचलेली खाट हॉस्पिटलची. मग घाई कोण करणार?

नुसते पैसे मात्र पुरत नाहीत. स्कॉटलंडमध्ये ६५ वर्षांवरच्यांना वैयक्तिक देखभाल २००२ पासून मोफत आहे, तरी तिथेही खाटा अडतात, कारण माणसंच मिळत नाहीत. केअररचा, म्हणजे घरी येऊन देखभाल करणाऱ्याचा, पगार किमान वेतनाच्या आसपास, आणि एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ बरेचदा बिनपगारी. २०२२ मध्ये या कामासाठी व्हिसा खुला केला, भारतातूनही लोक आले. जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरती बंद झाली. म्हणून हव्यात दोन गोष्टी: खाट आणि घरची देखभाल यांसाठी प्रत्येक भागात एकच तिजोरी, आणि केअररना देशभर एकच वेतनश्रेणी. देखभालीची व्यवस्था सुधारण्यासाठी सरकारने नेमलेल्या लुईझ केसी यांच्या आयोगाचा अंतिम अहवाल २०२८ पर्यंत यायचा आहे. केअररच्या पगाराला तेवढं थांबवू नये.

तुमचं कुणी इंग्लंडमध्ये स्थायिक असेल आणि ॲडमिट झालं, तर पहिल्याच दिवशी वॉर्डात डिस्चार्जची अपेक्षित तारीख विचारा. घरात जिना किती, संडास कोणत्या मजल्यावर, हे आपणहून सांगा. आणि ‘रीएबलमेंट’ मिळेल का, हेही विचारा: पुन्हा स्वतःचं स्वतः करता यावं म्हणून मिळणारी ही मदत सहा आठवड्यांपर्यंत मोफत असते, बचत कितीही असो.