सेलोटेपनं जमत नाही: ३५ मिमीच्या जॉइंटसाठी टेप आणि स्प्लायसर शोधताना

पेटी उघडली तसा सिरक्यासारखा आंबूस वास नाकात गेला. "एखादं रीळ कामातून गेलंय," म्हणत मामा एकेक डबा नाकाशी नेऊ लागले आणि चौथ्यापाशी थांबले. त्या रिळाच्या कडा पापडासारख्या वर-खाली झाल्या होत्या. ॲसिटेटची फिल्म उष्म्यानं आणि दमटपणानं अशी सडते, आकसते आणि तिच्या वाफा शेजारच्या चांगल्या रिळांनाही बाधतात. तो डबा आधी ओसरीत नेऊन ठेवला. उरली तीन रिळं, सात-आठ ट्रेलरच्या गुंडाळ्या आणि दंतमंजनाच्या दोन जाहिराती.

मामा आधी तंबू टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. माळेगावला खंडोबाची यात्रा भरली की घोडेबाजाराच्या पलीकडे त्यांचा तंबू लागायचा. पुढची पंचवीसेक वर्षं त्यांनी एका पक्क्या टॉकीजमध्ये काढली. सिनेमा डिजिटल झाला, टॉकीज बंद पडली आणि मालकाच्या मुलांनी प्रोजेक्टरचं मशीन भंगारात घालण्याऐवजी मामांना देऊन टाकलं. मामांच्या घरी जागा नाही, म्हणून ते परभणीत आमच्या मागच्या खोलीत आलं. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. मशीन साफ करणं, तेल देणं मला जड गेलं नाही. अडलं ते ३५ मिमी रुंदीच्या फिल्मची तुटलेली टोकं जोडण्यावर, म्हणजे जॉइंटवर.

पहिल्या रिळात मोजून नऊ ठिकाणी तुकडे होते किंवा जुने जॉइंट होते. इतके कसे, तर वितरणाच्या हिशेबात मराठवाडा पूर्वीपासून 'निझाम' सर्किटमध्ये. आमच्याकडच्या पेट्या बऱ्याचदा हैदराबादकडून रेल्वेनं यायच्या, आणि यात्रेच्या तंबूपर्यंत पोचेपर्यंत प्रिंट दहा गावं पालथी घालून आलेली असायची. सहा जॉइंट मामांचे स्वतःचे होते, फिल्म सिमेंटचे. तीन जागा उघड्या होत्या.

मुंबईच्या ओळखीच्या माणसाकडून सिमेंटची बाटली आणवली. मामांनी मला त्यांची पद्धत दाखवली. जिथं एक टोक दुसऱ्यावर चढणार तेवढीच पट्टी जिभेच्या ओलाव्यानं भिजवायची आणि ब्लेडनं खरवडायची. काळसर थर निघून खालची फिल्म काचेसारखी स्वच्छ दिसली पाहिजे. थोडाही थर राहिला तर सिमेंट धरत नाही, कारण सिमेंट म्हणजे डिंक नव्हे. ते फिल्म विरघळवतं आणि दोन्ही टोकं एकजीव करतं. वेल्डिंगच म्हणा. मग ब्रशचा एकच हात, दुसरं टोक वर, अंगठ्यानं दाब आणि दहापर्यंत मोजायचं. एक जागा त्यांनी अशी जोडली. मी ओढून पाहिली, हलली नाही.

मग त्यांनी ट्रेलर घेतला. खरवडला, सिमेंट लावलं, दाबला. बोट उचललं तसं टोक उडालं. परत केलं, परत उडालं. "माल बदललाय," मामा म्हणाले आणि बाटली उजेडात धरून बघत बसले.

बाटलीत दोष नव्हता. साधारण १९९० च्या दशकापासून प्रिंट पॉलिस्टरवर निघू लागल्या आणि पॉलिस्टर ह्या सिमेंटनं विरघळत नाही. त्याला एक तर टेप लागते, नाही तर अल्ट्रासॉनिक मशीन, जे आपल्यासारख्यांच्या आवाक्यातलं नाही. माझ्यासारखं कुणी ह्यात पडणार असेल तर खरेदीच्या आधी फिल्म कशाची आहे ते बघा. रीळ दिव्यासमोर आडवं धरलं की पॉलिस्टरच्या थरांमधून उजेड झिरपतो, ॲसिटेटचं रीळ अंधारं दिसतं. टोकाचा कोरा तुकडा असेल तर फाडून बघा. ॲसिटेट टर्रकन फाटतं, पॉलिस्टर हाताला कापेल पण फाटणार नाही. मशीनमध्येही ती तुटत नाही, ही कौतुकाची गोष्ट नाही: अडकली तर फिल्मऐवजी मशीनचं काही तरी जातं. आणि १९५१ च्या आधीचं रीळ हाती आलं तर ते नायट्रेट असू शकतं. ते मशीनवर चढवू नका, घरात ठेवूही नका. बारुदाचा भाऊ आहे तो.

आता कबुली. टेप लागते म्हटल्यावर मी शाळेच्या दप्तराच्या कप्प्यातून सेलोटेप काढली. मामा खाटेवरून ओरडले, "ते काय लावायलास रे? त्यानं वह्यांना कव्हर घालतेत!" ऐकलं नाही. दोन्ही बाजूंनी चिकटवली, फिल्मच्या कडांना मशीनच्या दातांसाठी असतात ती भोकं कंपासच्या टोकानं पाडली, गुंडाळी डब्यात ठेवली. मे महिना होता, पारा ४२ च्या वर. आठ दिवसांनी उघडली तर सेलोटेपचा डिंक कडेनं बाहेर आलेला, वरच्या वेढ्याला लागलेला, त्यावर केस आणि धूळ. टेप ताणून दोन टोकांमध्ये नखाएवढी फट पडलेली. पडद्यावर ती फट पांढऱ्या उजेडाचा चमकारा होऊन दिसते. वेढे सोडवताना मधल्या दोन फ्रेमवरचा रंग सोलून निघाला तो निघालाच. डिंक मी नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडानं टिपून काढला, साउंडट्रॅकच्या बाजूला हात हलका ठेवून.

सिनेमाच्या जॉइंटची टेप ही पातळ, पारदर्शक पॉलिस्टरची असते, म्हणून ताणत नाही. तिचा डिंक दिव्याच्या उष्णतेतही वाहत नाही. फिल्मच मुळात ०.१२ ते ०.१४ मिमी जाड, तिच्यावर दोन्ही बाजूंनी टेप चढते; ती जाड असली तर जॉइंट गेटमधून, म्हणजे दिव्यासमोरच्या चौकटीतून, जाताना चित्र हलतं. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात खरं, पण ही टेप इथं मिळत नाही. संभाजीनगरलाही नाही.

टेप दोन जातीची येते आणि इथंच स्प्लायसरचा, म्हणजे फिल्म कापून जोडायच्या यंत्राचा, प्रश्न गळ्यात पडतो. एकीला भोकं पाडलेली असतात. ती साध्या ठोकळ्यावर, पिनांवर फिल्म बसवून हातानं लावायची. दुसरी कोरी, ती गिलोटीनच्या स्प्लायसरसाठी. टेप ओढायची, दांडा दाबायचा, तो कडाही कापतो आणि भोकंही पाडतो. ह्या दुसऱ्या जातीचं प्रसिद्ध मशीन इटलीचं, सीआयआर. फेलिनीचे संकलक लिओ कातोत्झो ह्यांनी काढलेलं, म्हणून कुणी त्याला कातोत्झोच म्हणतात. मला ते पाहताक्षणी आवडलं, त्याला कारण माझा धंदा. ते म्हणजे पंच आणि डायच आहे, भोक पाडायचा ठोसा आणि खालचा साचा, आमच्या वर्कशॉपमधल्यासारखं, फक्त बोटभर.

ठोकळा स्वस्त पडतो आणि त्यात बिघडण्यासारखं काही नाही. महिन्या-दोन महिन्यांत एखादा जॉइंट करायचा असेल तर माणसानं तोच घ्यावा. पण भोकांची टेप पिनांवर बसवताना केसभर सरकली की भोकाच्या आत टेपेची कड येते आणि मशीनचा दात तिच्यावर चढतो. माझ्या हाताला ते जमेना.

म्हणून मुंबईत राहणाऱ्या मित्राला रविवारी चोरबाजारात पाठवलं आणि व्हिडिओ कॉलवर सीआयआरचं मशीन बघितलं. त्याला सांगितलं, वर्तमानपत्राची पट्टी घालून दाब आणि भोकं कॅमेऱ्यासमोर धर. एक सोडून सगळी स्वच्छ. कडेच्या पाती ठीक. कापायची पात सरळ आहे ना, हेही विचारलं, कारण काही मशीनना तिरकी पातही असते. ती मॅग्नेटिक साउंडच्या पट्टीसाठी. चित्रावर तिरका छेद दिसतो. पाच हजारांच्या आत सौदा झाला.

टेपेनं मात्र रडवलं. एका ऑनलाइन विक्रेत्याला स्पष्ट लिहिलं होतं, ३५ मिमी, कोरी. आली १६ मिमीची. परत घ्यायला तयार नाही, म्हणे रोल उघडलाय. उघडल्याशिवाय रुंदी मोजायची कशी, ह्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. तो रोल अजून कपाटात आहे, १६ मिमीवाला कुणी भेटला तर द्यायचा. दुसऱ्या ठिकाणाहून मागवताना पैसे भरायच्या आधी पट्टीशेजारी ठेवलेल्या रोलचा फोटो मागितला.

तो एक खराब पंच मी आयटीआयच्या ऑइलस्टोनवर दुपारभर घासला. पॉझिटिव्ह प्रिंटचं भोक २.८ बाय १.९८ मिमीचं, कोपरे गोलसर. पंचाची कड बोथट असली की टेपेची चकती पूर्ण तुटत नाही, जिभेसारखी लोंबकळते आणि मग स्प्रॉकेटच्या, म्हणजे फिल्म ओढणाऱ्या चाकाच्या, दातात जाते. सुटलेल्या चकत्याही घरभर होतात. बायकोच्या म्हणण्यानुसार त्या पोह्यांतसुद्धा निघतात.

जॉइंट असा: दोन्ही टोकं पिनांवर, फ्रेमच्या रेषेवर कापायची. ३५ मिमीत ही रेषा दोन भोकांच्या बरोबर मध्ये येते, एका फ्रेमला दर बाजूला चार भोकं. (१६ मिमीत भोक रेषेवरच असतं, तो रोल पाठवणाऱ्यानं एवढं तरी ध्यानात घ्यायचं.) टोकाला टोक भिडवायचं, एकावर एक नाही. टेप, दाब. मग फिल्म उलटून दुसऱ्या बाजूला तेच. मामांना एक बाजू पुरे वाटत होती. मी तसा एक करून दाखवला: गेटच्या वर फिल्मचा जो ढिला वळसा असतो, तसा बोटांत वाकवला की जॉइंट बिजागरीसारखा उघडतो. शेवटी जॉइंट दोन बोटांतून ओढून बघायचा. कड लागता कामा नये.

मामांचे सहा सिमेंटचे जॉइंट उकलून टेप लावावी असं माझ्या मनात होतं. त्यांनी रीळच मांडीवर घेतलं. त्यांचं बरोबर होतं. घट्ट बसलेला सिमेंट जॉइंट उकलला की फ्रेम जातात, आणि ते सगळे घट्ट होते. मी ट्रेलर आणि उरलेल्या दोन जागा केल्या.

परवा रात्री भिंतीला चादर लावून पहिलं रीळ चालवलं. हजार फूट, म्हणजे अकरा मिनिटं. जॉइंट आला की चित्र जरासं उडतं आणि मागून 'टक्' होतं. आवाज वाचणारं हेड गेटच्या वीस फ्रेम पुढे असतं, म्हणून पाऊण सेकंदाहून थोडा जास्त उशीर. मामा डोळे मिटून ते 'टक्' मोजत होते. त्यांचे जुने सहा आणि नवा एक, सगळे जॉइंट नीट पार गेले. माझा पहिलाही गेला. दुसऱ्याला नायकाचं डोकं चादरीच्या खालून निघालं आणि पाय वर आले. मी उठायच्या आत मामांचा हात फ्रेमिंगच्या नॉबवर होता. डोळे तसेच मिटलेले.

सकाळी बाकावर भोकं मोजली. त्या जागी एका फ्रेमला पाच होती. रात्रीचा प्रसंग, सगळा काळोख, रेषा दिसत नव्हती आणि मी अंदाजानं कापलं होतं. मागच्या उजेडाच्या फ्रेमपासून चार-चार मोजत यायला हवं होतं. टेप कोपऱ्यातून धरून हळूच सोलली, एका भोकाची जास्तीची पट्टी कापली, परत दोन्ही बाजूंनी लावली. एकही फ्रेम गेली नाही. मामांनी ती कापलेली पट्टी उचलून खिशात टाकली, का ते सांगितलं नाही.