‘बर्नार्दा आल्बाचं घर’ पुन्हा उभं करताना

स्पॅनिश नाटककार लोर्काने हे नाटक १९ जून १९३६ रोजी लिहून पूर्ण केलं. दोन महिन्यांत त्याला गोळ्या घालून मारलं. पहिला प्रयोग व्हायला ८ मार्च १९४५ उजाडला, तोही स्पेनबाहेर, ब्युनॉस आयरिसला.

आमच्या वाचनात सगळ्यात जास्त खल झाला तो एका शब्दावर. नवरा गेल्यावर पाच मुलींना सुतकात घरात कोंडणारी आई म्हणजे बर्नार्दा. तिचा नाटकातला पहिला आणि शेवटचा शब्द एकच: ‘सिलेन्सिओ’. ‘शांतता!’ म्हटलं की मराठी प्रेक्षकाला तेंडुलकरांचं कोर्ट आठवतं. म्हणून ‘गप्प!’ ठेवलं. ‘प’वर ओठच मिटतात. घर वाड्यात आणि मुली लुगड्यात नेण्याचा मोह आवरला. मृतासाठीची कॅथलिक प्रार्थना आणि आठ वर्षांचं सुतक दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातच शोभतं.

नेपथ्यात पांढरा रंग दिसतो तितका सोपा नाही. लोर्काने पहिल्या अंकाला अतिशय पांढरी खोली सांगितली आहे, दुसऱ्याला पांढरी, तिसऱ्याला किंचित निळसर भिंती. शुभ्र फ्लॅटवर, म्हणजे नेपथ्याच्या भिंतीच्या चौकटीवर, उजेड पडला की डोळे दिपतात आणि काळ्या कपड्यांतल्या बायकांचे चेहरे काळवंडतात. डिस्टेंपरमध्ये थोडी पिवडी घातली, नट्यांना भिंतीपासून चार-पाच फूट पुढे ठेवलं आणि चेहऱ्यांवर बाजूने प्रकाश घेतला. तिसऱ्या अंकाचा निळा दिव्यापुढच्या रंगीत जिलेटिनने आणला. काळं कापड बिनचमकीचं सुतीच हवं. सॅटिन दिव्याखाली राखाडी दिसतं.

काठ्या दोन लागतात. पहिल्या दोन अंकांत बर्नार्दा काठी आपटते, थोरल्या आंगुस्तियासला मारते, तेव्हा भरीव. तिसऱ्या अंकात धाकटी आदेला ती हिसकावून मोडते, त्यासाठी मध्ये कापून आत बारीक खुंटी बसवलेली दुसरी. ही काठी अंकाच्या सुरुवातीला जमिनीवर आपटली तर आधीच सैल होते आणि ऐन वेळी आवाज न करता हातात गळून येते. मोडल्याचा कडाड आवाज यायला खुंटी दर प्रयोगाला नवी हवी, जुनी पुन्हा वापरू नये.

तिसऱ्या अंकात जेवताना बाहेरचा घोडा भिंतीला लाथा मारतो. त्या लाथा स्पीकरमधून घेतल्या तर त्या प्रेक्षागृहातून आल्यासारख्या वाटतात. आम्ही फ्लॅटला मागून जाड फळी टेकवली आणि तिच्यावर वाळूची पिशवी आपटली. भिंत थरथरते, जेवणाच्या टेबलावरच्या बायका खरंच दचकतात. बंदुकीचा बार बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्यांचा. तो एकदाच, आंगुस्तियासशी लग्न ठरलेल्या आणि आदेलाला चोरून भेटणाऱ्या पेपेवर बंदूक घेऊन बर्नार्दा बाहेर पडल्यावर चार मोजून. घाई केली तर आदेलाची बहीण मार्तिरियोचं ‘पेपे संपला’ हे खोटं कुणालाच पटत नाही आणि आदेलाचा गळफास उपरा वाटतो. पेपे रंगमंचावर कधीच येत नाही. त्याची सावलीही दाखवू नये.

शेवटी संगीत नको. बर्नार्दा पहाटे घंटा वाजवायला सांगते, पण घंटा आम्ही फक्त सुरुवातीला ठेवली. शेवटच्या ‘गप्प!’नंतर पाच सेकंद उजेड तसाच, मग एकदम अंधार.