गीरची सिंहीण आणि कानावरच्या गोचिडी

गुजरातेत सासण-गीरला जाऊन सिंह न दिसणं म्हणजे फुटकं नशीब. आमचं बरं होतं, पहिल्याच फेरीत सिंहीण दिसली. सागाच्या पाचोळ्यात खुशाल आडवी पडलेली, जिप्सीपासून जेमतेम वीस पावलांवर. सगळ्यांचे कॅमेरे सुरू झाले. मी दुर्बीण लावली, तर तिच्या कानाच्या कडेला तुरीच्या दाण्यांएवढ्या टम्म फुगलेल्या गोचिडी! ती कान झटकायची, त्या ढिम्म.

पुढची सगळी फेरी माझ्या डोक्यात गोचिडीच. त्यांच्यातून बाबेसिया हा रक्तातला परजीवी पसरतो. एरवी धडधाकट सिंह तो अंगावर काढतो. पण त्याच सुमारास कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू शिरला, तर प्रतिकारशक्ती ढासळते आणि दोन्ही मिळून जनावर संपवतात. टांझानियातल्या सेरेंगेटीत १९९४ मध्ये असे साधारण एक तृतीयांश सिंह गेले. इथे पूर्व गीरच्या दलखाणिया रेंजमध्ये सप्टेंबर २०१८ मध्ये मरतूक सुरू झाली आणि तीनेक आठवड्यांत २३ सिंह दगावले. तपासणीत हेच दोन आजार निघाले. मग आसपासचे सिंह पकडून वेगळे ठेवले, अमेरिकेहून लस मागवून टोचली.

डिस्टेंपर हा मुळात कुत्र्यांचा आजार. सिंहाने रात्री गाय मारून अर्धी खाल्ली, की सकाळी त्याच सांगाड्यावर गावातली कुत्री हजर. अभयारण्याबाहेर पडल्यावर ही सरमिसळ किती आहे ते कळतं. शेतं, केसर आंब्याच्या बागा, मध्येच विहिरी (सिंह आत पडू नयेत म्हणून आता बऱ्याच विहिरींना कठडे बांधलेत, हे काम मात्र झकास) आणि रिसॉर्टच रिसॉर्ट. एका रिसॉर्टच्या मागे उष्ट्याचा ढीग होता, त्यावर सात-आठ कुत्री तुटून पडलेली. ते उष्टं आमच्यासारख्यांचंच.

२०२५ च्या गणनेत ८९१ सिंह मोजले गेले, त्यांतले निम्म्याहून अधिक गीर अभयारण्याच्या बाहेर. आकडा ऐकून जिप्सीत टाळ्या पडल्या. मला तो धास्तीचाही वाटतो, कारण आशियाई सिंह जंगलात उरलाय तो फक्त सौराष्ट्रात. साथ आली तर पळायला दुसरं घर नाही. काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोत हलवा, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्येच सांगितलं. कुनोत २०२२ मध्ये नामिबियाचे चित्ते आले, गीरचा सिंह अजून नाही. सिंह आपल्याकडेच राहावेत ही गुजरातची अस्मिता मी समजू शकतो, पण विषाणूला अस्मिता कळत नाही.

पोरबंदरजवळच्या बरडा अभयारण्यात २०२३ मध्ये एक नर आपणहून पोचला, आता तिथे सिंहांचं बस्तान बसतंय. चांगलंच आहे. पण बरडाही सौराष्ट्रातच, आणि भोवती गुरं, कुत्री तीच. कुनोची जागा त्याने भरून निघेल, हे मला तरी पटत नाही.

जाणार असाल तर १६ जून ते १५ ऑक्टोबर गीर बंद असतं. परवाना ऑनलाइन काढा, आणि दुर्बीण न्याच.